अर्ज आपल्या विहिरीचा, परीक्षा शेजारच्या भोकांची: टेक्सासमध्ये खारं पाणी जिरवण्याचा परवाना

पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात तेलाच्या एका बॅरलमागे तीन-चार बॅरल खारं पाणी सहज वर येतं. बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, साधारण १५९ लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, या पाण्यात बऱ्याचदा १०० ग्रॅमच्याही वर. ओढ्यात सोडण्यासारखं ते नसतंच, त्यामुळे बहुतेक पाणी पुन्हा जमिनीत घालतात. त्यासाठी लागणारा परवाना देतं रेलरोड कमिशन ऑफ टेक्सास, पुढे नुसतं 'आयोग'. नाव रेल्वेचं, स्थापना १८९१ ची, पण रेल्वेशी उरलासुरला संबंध २००५ मध्येच संपला. तेल, वायू आणि त्यांच्या सांडपाण्याचा कारभार मात्र पूर्ण त्यांच्याकडे.

मूळ कायदा केंद्राचा, १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा. त्याखाली तेल-वायूच्या पाण्याच्या विहिरी 'वर्ग २' मध्ये येतात, आणि त्यांचे अधिकार टेक्सासला १९८२ मध्ये मिळाले. पुढचं सगळं टेक्सासपुरतं आहे. न्यू मेक्सिकोत ऑइल कॉन्झर्व्हेशन डिव्हिजन, ओक्लाहोमात कॉर्पोरेशन कमिशन. तिथले फॉर्म वेगळे, आकडे वेगळे.

खाली घातलेलं पाणी चुकीच्या जागी पोचायला तीन वाटा असतात: आपल्याच विहिरीचा पाइप गळतो, वरचा आवरणाचा थर तडकतो, किंवा शेजारची एखादी जुनी विहीर पाण्याला शिडी होते. नवखा माणूस सगळा जीव पहिल्या वाटेवर खर्च करतो, चकचकीत आकृती काढतो, केसिंगची, म्हणजे भोकात सिमेंटने बसवलेल्या पोलादी पाइपची, ग्रेड लिहितो. फाइल अडते ती तिसऱ्या वाटेवर.

आधी फॉर्म ठरवा

ज्या थरात पाणी घालायचं त्यातून तेल किंवा वायू निघत नसेल तर आयोगाचा नियम ९ आणि फॉर्म डब्ल्यू-१४. निघत असेल, किंवा पूर्वी निघालेलं असेल, तर नियम ४६ आणि फॉर्म एच-१, सोबत एच-१ए. 'निघतं का' हे दोन मैलांच्या परिघात बघायचं. आपल्या लीजवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या क्षेत्रात, कोरडा असलेला थर दीड मैलावर १९६० च्या दशकात उत्पादन देऊन गेलेला असू शकतो. मग डब्ल्यू-१४ परत येतो आणि नोटिसांसकट सगळं नव्याने करावं लागतं. म्हणून फॉर्म हातात घेण्याआधी आयोगाच्या नकाशावर दोन मैलांचं वर्तुळ काढून प्रत्येक विहिरीचा उत्पादनाचा थर तपासा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कंपनीचा पी-५, म्हणजे आयोगाकडची नोंदणी, चालू नसेल तर पुढे काहीच हलत नाही.

गोडं पाणी कुठपर्यंत

आयोगाचाच भूजल सल्लागार विभाग त्या जागेपुरतं पत्र देतो: वापरण्याजोगं पाणी किती फुटांपर्यंत आहे. वापरण्याजोगं म्हणजे विरघळलेले क्षार लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंत. केंद्राच्या कायद्यातली संरक्षित पाण्याची मर्यादा १०,००० मिलिग्रॅमची, म्हणजे बरीच खोल जाणारी. दोन्ही खोल्या वेगवेगळ्या लिहून ठेवा. पहिल्याच खोलीवर केसिंगची आखणी करून मोकळं होणारे नंतर पस्तावतात.

या पाण्याचा तळ आणि आपल्या थराचा माथा यांमध्ये चिकणमाती किंवा शेल (चिकणमातीचा घट्ट झालेला खडक) मिळून किमान २५० फूट असावेत अशी आयोगाची फूटपट्टी आहे. सलग नसले तरी चालतात, बेरीज चालते. इलेक्ट्रिक लॉगवर, म्हणजे भोकात उपकरण सोडून काढलेल्या थरांच्या आलेखावर, ते थर रंगवून, प्रत्येकाची जाडी शेजारी लिहून जोडा. नुसतं 'पुरेसं आवरण आहे' लिहिलं की तपासणारा प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नाला काही आठवडे जातात.

पाव मैलाचं वर्तुळ

नियमानुसार आपल्या विहिरीभोवती पाव मैलाचं, म्हणजे १,३२० फूट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात आपला थर भेदून गेलेली प्रत्येक विहीर यादीत घ्यायची: एपीआय क्रमांक, खोली, केसिंग, सिमेंटचा माथा, चालू की बुजवलेली, बुजवल्याची तारीख. एपीआय क्रमांक म्हणजे प्रत्येक विहिरीचा ओळख क्रमांक; त्यात टेक्सास ४२, पुढचे तीन अंक काउंटीचे. मिडलंडचे ३२९, रीव्ह्जचे ३८९. काउंटीचा अंक चुकला की भलत्याच विहिरीचे कागद जोडले जातात. हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं.

पर्मियन खोऱ्यातल्या नव्या अर्जांसाठी १ जून २०२५ पासून हे वर्तुळ अर्ध्या मैलाचं झालं. त्रिज्या दुप्पट म्हणजे क्षेत्र चौपट: सुमारे १२६ एकरांचे ५०३ एकर. जुन्या तेलक्षेत्रात पूर्वी पंधरा विहिरींचे कागद काढावे लागत तिथे आता साठांचे लागू शकतात. कामाचा अंदाज सांगताना हे धरा.

तिरक्या आणि आडव्या विहिरींत जमिनीवरचा ठिपका बघून फसू नका. थर जिथे भेदला गेला तो बिंदू वर्तुळात आहे की बाहेर, ते विहिरीच्या जमिनीखालच्या वाटेच्या सर्वेवरून काढायचं.

आता खरी मेहनत. बुजवलेल्या विहिरीचा डब्ल्यू-३, म्हणजे ती कशी बुजवली त्याचा फॉर्म, काढा आणि तो शिक्क्यासाठी नाही, गणितासाठी वाचा. उदाहरण घेऊ. आपला थर ५,२०० ते ६,४०० फूट, वापरण्याजोगं पाणी ८५० फुटांपर्यंत. वर्तुळात १९५० च्या दशकातली एक कोरडी निघालेली विहीर आहे, खोली ६,१०० फूट. वरचं केसिंग फक्त ४०० फूट. खाली ७ ⅞ इंची उघडं भोक. डब्ल्यू-३ वर लिहिलंय: ६,००० फुटांवर २५ पोती सिमेंट, ४०० फुटांवर २५ पोती, तोंडाशी १० पोती, मध्ये चिखल. सही आहे, शिक्का आहे, 'बुजवली' अशी नोंद आहे.

एका पोत्याचा साधारण १.१८ घनफूट लगदा होतो. २५ पोत्यांचे २९.५ घनफूट. ७ ⅞ इंची भोकात फुटाला ०.३३८ घनफूट बसतात, म्हणजे बूच ८७ फुटांचं. तेही भोक कुठे खचून रुंदावलेलं नसेल तर. खालचं बूच आपल्या थराच्या आत, ६,००० फुटांवर. त्याच्या वरचा, ५,२०० पासूनचा भाग उघडाच. आपण दाबाने घातलेलं पाणी तिथून भोकात शिरलं की ४०० फुटांवरच्या बुचापर्यंत त्याला अडवायला जुन्या चिखलाशिवाय काही नाही. आणि केसिंग ४०० वरच संपतं, तर ४०० ते ८५० फुटांमधलं गोडं पाणी त्याच उघड्या भोकाला लागून आहे. कागदावर बुजवलेली विहीर प्रत्यक्षात नळी निघाली.

अशी विहीर सापडली तर मार्ग चार. जुनी विहीर उघडून नीट बुजवायची. खात्रीचं, पण खर्चाचं. पाणी घालायचा थर बदलायचा. जागा हलवायची. किंवा इतकी वर्षं इतकं पाणी घातल्यावर त्या विहिरीपाशी दाब किती वाढेल आणि तो चिखलाचा स्तंभ उचलायला पुरतो का, याचं गणित मांडायचं. चौथा मार्ग सगळ्यांना आवडतो, कारण तो संगणकावर होतो. पण त्यात थराची जाडी आणि पारगम्यता (त्यातून पाणी किती सहज वाहतं) लॉगमधून, शक्य असेल तर चाचणीतून आलेली हवी, आणि शेजारच्या इतर विहिरी त्याच थरात घालत असलेलं पाणीही धरायला हवं. आपल्या एकट्या विहिरीचंच गणित दिलं तर ते टिकत नाही.

हे सगळं कागदी भय नाही. क्रेन काउंटीत जानेवारी २०२२ मध्ये एका जुन्या विहिरीतून खाऱ्या पाण्याचा फवारा उडाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रीव्ह्ज काउंटीत टोया गावाजवळ तसंच झालं.

दाब: ०.५ ला लक्ष्य समजू नका

जमिनीवर मोजलेल्या दाबाची नेहमीची कमाल मर्यादा थराच्या माथ्याच्या खोलीला फुटामागे ०.५ पीएसआय (चौरस इंचावर पौंड). ५,२०० फुटांना २,६०० पीएसआय. त्याहून जास्त हवा असेल तर टप्प्याटप्प्याने प्रवाह वाढवत थर कुठे तडकतो ते दाखवणारी चाचणी द्यावी लागते.

पण २,६०० चा अर्थ खाली काय होतो ते एकदा करून बघा. गॅलनला ९.२ पौंड वजनाचं खारं पाणी फुटाला सुमारे ०.४७८ पीएसआय भार देतं. ५,२०० फुटांच्या स्तंभाचे २,४८८. वरचे २,६०० मिळवले की ५,०८८, म्हणजे फुटाला ०.९८. वरच्या खडकाचं स्वतःचं वजन फुटाला १ पीएसआयच्या आसपास. ट्यूबिंगमधल्या, म्हणजे केसिंगच्या आतल्या पाणी नेणाऱ्या बारीक पाइपमधल्या, घर्षणात काही दाब खर्च होतो हे खरं, पण पंप सावकाश चालवला की ते घर्षणही घटतं. म्हणून अर्जात सवयीने कमाल आकडा टाकू नका. आपल्या पंपाला आणि रोजच्या बॅरलना खरोखर किती लागतो तो काढून लिहा. पर्मियनसाठी २०२५ पासून दाबाची मर्यादा थराच्या गुणधर्मांवरून आणि रोजच्या पाण्याची मर्यादा थरात आधीच असलेल्या दाबावरून बांधतात, त्यामुळे थरातला चालू दाब मोजून सोबत दिलेला बरा.

भूकंपाचा कागद

नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक डब्ल्यू-१४ सोबत अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीतले भूकंप जोडावे लागतात, विहिरीभोवतीच्या १०० चौरस मैलांतले. वर्तुळाची त्रिज्या ९.०८ किलोमीटर. सर्वेक्षणाच्या शोधपानावर अक्षांश, रेखांश आणि ही त्रिज्या टाकायची, निकाल नकाशासकट छापायचा. एकही भूकंप नसला तरी 'शून्य' दाखवणारं पान जोडायचं. रेखांशाचं उणे चिन्ह राहिलं तर शोध टेक्सासऐवजी चीनमध्ये होतो आणि शून्य निकाल बघून माणूस खूश होतो.

एलेनबर्गरसारखा खोल थर पायाभूत खडकाच्या जवळ असतो. तिथला दाब जुन्या प्रस्तरभंगांपर्यंत पोचून ते सरकवू शकतो. मिडलंड आणि ओडेसा यांच्या मधल्या गार्डनडेल भागात आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये भूकंप प्रतिसाद क्षेत्र आखलं आणि डिसेंबरअखेर तिथल्या खोल थरांत पाणी घालणं थांबवलं. पाठोपाठ उत्तर कल्बर्सन-रीव्ह्ज आणि स्टँटन ही क्षेत्रं आली. मग उद्योग उथळ थरांकडे वळला, तर तिथे दाब साचला आणि जुनी भोकं बोलू लागली. इकडे आड, तिकडे विहीर, तीही अक्षरशः. प्रतिसाद क्षेत्रात जागा येत असेल तर अर्ज करण्याआधी त्या क्षेत्राची चालू बंधनं वाचा.

नोटीस: सोपी म्हणून बिघडते

अर्जाची प्रत द्यायची ती जमिनीच्या मालकाला, अर्ध्या मैलातल्या विहिरींच्या ऑपरेटरना (विहीर चालवणाऱ्या कंपन्यांना), काउंटी क्लार्कला, आणि जागा शहराच्या हद्दीत असेल तर शहराच्या क्लार्कला. पैसे घेऊन इतरांचं पाणी घेणारी व्यापारी विहीर असेल तर लगतच्या जमिनींच्या मालकांनाही. प्रती आयोगाकडे अर्ज जाण्याच्या दिवसापर्यंत रवाना झालेल्या हव्यात. टेक्सासमध्ये जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं हे सर्रास असतं. नोटीस जमिनीच्या मालकाला जाते. सातबाऱ्यावर एक नाव आणि कसणारा दुसराच, हे आपल्याकडे ठाऊक असलेल्याला हा घोळ समजावून सांगावा लागत नाही. काउंटीच्या नोंदीतलं आजचं नाव काढा, लीजवरचं जुनं नको.

शिवाय त्या काउंटीत खपणाऱ्या वर्तमानपत्रात एकदा जाहीर नोटीस, आणि तिचं कात्रण वर्तमानपत्राच्या प्रतिज्ञापत्रासह. अर्ज पोचल्यापासून किंवा नोटीस छापल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून, १५ दिवस हरकतीची मुदत. नेहमीची चूक एकच: अर्जात थर ५,२०० ते ६,४००, छापलेल्या नोटिशीत ५,२०० ते ६,२००. किंवा रोजचे बॅरल वेगळे. मग नोटीस पुन्हा छापा, पुन्हा १५ दिवस मोजा. छापायला देण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

हरकत न आल्यास निर्णय कार्यालयातच होतो. बाधित माणसाची आली तर अर्ज मागे घ्या किंवा सुनावणी मागा. निव्वळ स्पर्धक म्हणून कुणी बाधित ठरत नाही. जमीनमालकाची हरकत बहुधा रस्ता, टँकरची वर्दळ, सांडलेलं पाणी यांबद्दल असते आणि भेटून मिटते. शेजारच्या ऑपरेटरची हरकत आपल्या पाण्याने त्याची विहीर बुडेल अशी असते, ती गणिताशिवाय मिटत नाही.

पाणी घालण्याआधीची चाचणी

पाणी ट्यूबिंगमधूनच घालायचं आणि खाली पॅकर, म्हणजे ट्यूबिंग आणि केसिंगमधली फट बंद करणारं बूच, बसवायचा, परवान्यातल्या थराच्या माथ्यापासून १०० फुटांहून वर नाही. ट्यूबिंगला आणि प्रत्येक ॲन्युलसला, म्हणजे दोन पाइपांमधल्या पोकळीला, दाब बघण्याचा व्हॉल्व्ह हवा. मग एच-५ ची, म्हणजे गळती तपासायची दाबाची, चाचणी: सुरुवातीला, पॅकर-ट्यूबिंग हलवल्यावर, आणि दर ५ वर्षांनी. जिल्हा कार्यालयाला किमान ४८ तास आधी कळवा.

चाचणीचा दाब परवान्यातला कमाल दाब किंवा ५०० पीएसआय, जो कमी तो. पण २०० हून कमी नाही. ॲन्युलस द्रवाने भरलेला असेल तर ३० मिनिटं, हवा किंवा वायू वापरला तर ६०. सुरू करण्याआधी दाब ठरवलेल्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत स्थिरावलेला हवा. ॲन्युलस आणि ट्यूबिंग यांच्या दाबांत किमान २०० पीएसआयचा फरक हवा. ट्यूबिंगवर ४५० असताना ॲन्युलसला ५०० देऊन अर्धा तास बसलात तर पॅकर गळला तरी काट्यावर नीट दिसणार नाही. आयोगाचा माणूस हजर नसेल तर दाब नोंदवणारा रेकॉर्डर लावायचा आणि चाचणीचा आकडा त्याच्या पट्टीच्या ३० ते ७० टक्क्यांमध्ये पडेल असा निवडायचा. ५,००० च्या पट्टीवर ५०० ची रेघ म्हणजे जाड पेन्सिलीने काढलेला केस.

पंपाच्या माणसाला सांगून ठेवा: किती द्रव गेला ते मोज. ७ इंची, फुटाला २६ पौंडी केसिंगमध्ये ३ ½ इंची ट्यूबिंग असेल तर ॲन्युलसमध्ये फुटाला ०.०२६४ बॅरल बसतात. ५,१०० फुटांना साधारण १३४ बॅरल. तो काठोकाठ भरलेला असेल तर ० पासून ५०० पीएसआयपर्यंत न्यायला पाव बॅरलदेखील लागत नाही, तीसेक लिटर फार तर. दोन-तीन बॅरल गेले तर आत हवा आहे, किंवा द्रव कुठेतरी निघून जातोय. हवा असेल तर काटा आधी भराभर उतरतो, मग हळूहळू; तेव्हा दाब सोडा, भरा, तासभर थांबा, पुन्हा चढवा. ठरावीक वेगाने सतत उतरत राहिला तर आधी वरचे व्हॉल्व्ह आणि जोड साबणाच्या पाण्याने बघा. रिग बोलवण्याआधी पाच रुपयांचा साबण. ऊन चढताना घेतलेल्या चाचणीत काटा आपोआप चढतो, तेही पास धरू नका.

ही चाचणी ट्यूबिंग, पॅकर आणि केसिंग बघते. केसिंगच्या पाठीमागून, सिमेंटच्या फटीतून वर सरकणारं पाणी तिला दिसत नाही. जुनी विहीर रूपांतरित करत असाल आणि सिमेंटचा माथा फक्त हिशोबावरून लिहिलेला असेल, तर बाँड लॉग, म्हणजे सिमेंट केसिंगला कुठवर चिकटलंय ते दाखवणारा आलेख, काढा.

चालू झाल्यावर

दर महिन्याचं पाणी आणि दाब नोंदवायचे, वर्षातून एकदा त्यांचा अहवाल, एच-१०, भरायचा. ॲन्युलसचा काटा रोज बघावा. काटा चढला म्हणजे गळतीच असं नाही. थंड ॲन्युलसला गरम पाण्याने ऊब मिळाली तरी चढतो. थोडा दाब सोडा आणि थांबा: पुन्हा चढला नाही तर उष्णतेचा खेळ, पुन्हा तेवढाच चढला तर पॅकर किंवा ट्यूबिंग. गळती दाखवणारा मोठा बदल दिसला की २४ तासांत जिल्हा कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. नियमभंगाचा दंड दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

खाली काय घालता तेही बघितलं जातं. विहिरीतून वर आलेलं पाणी, फ्रॅकिंगनंतर (दाबाने खडक फोडल्यावर) परत आलेलं पाणी यांना १९८८ च्या केंद्रीय निर्णयाने घातक कचऱ्याच्या नियमांतून सूट आहे. न वापरलेलं फ्रॅकिंगचं रसायन आणि इंजिनाचं जळकं तेल यांना ती नाही. टँकरवाला 'सगळं पाणीच आहे' म्हणतो. त्याने आधीच्या फेरीत काय नेलं होतं ते पावतीवर लिहून घ्या.

एच-१० भरताना शेवटचा एक ताळा: टँकरच्या पावत्या आणि पाइपलाइनचे मीटर यांची बेरीज विहिरीच्या मीटरशी जुळते का. विहिरीचा आकडा सतत जास्त येत असेल तर मीटर बिघडलाय. कमी येत असेल तर आधी टाक्यांचा साठा मोजा, मग टाक्यांभोवतीची जमीन ओली आहे का ते जाऊन बघा.